मिठाच्या खाणीतला दरवाजा

त्या बाईचा नवरा कुठं गेला, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. चांगला उंचापुरा नवरा. बॅटरी घेऊन मक्याच्या शेतात गेला, आभाळातून हिरवा उजेड पडला आणि मागं बॅटरी तेवढी राहिली. पुढं कित्येक महिने आम्ही दर शनिवारी संध्याकाळी त्या बाईबरोबर त्याला शोधलं. आणि मग एका शनिवारी बाईनं केस कापले, पोलिसात नोकरी धरली आणि चोर पकडायला लागली. नवऱ्याचा विषयसुद्धा नाही. अगं बाई, तुझा नवरा ना तो! परग्रहावरच्या लोकांनी उचलून नेलेला! मी भांडकुदळ आहे हे माझ्या कॉलेजात कोणीही सांगेल, पण बाकीची भांडणं मी विसरते. या मालिकेवर मात्र आजही माझी सटकते.

इंग्रजी मालिका, हिंदीत डब केलेली. अशा मालिकांची ही खोडच म्हणे. आधी उडत्या तबकड्या दाखवायच्या, सरकार काहीतरी लपवतंय म्हणून उत्सुकता वाढवायची, आणि मग जमेनासं झालं की सगळं गुंडाळून दुसरंच काही सुरू करायचं. जगभरच्या लोकांची फसगत झाली असेल. त्यांनी दोन शिव्या घातल्या असतील आणि चॅनल बदललं असेल. आमच्या घरी मात्र त्यापायी माझ्या वडिलांनी त्यांचा एकुलता एक जिवलग मित्र टाकला. अठरापगड माणसांशी जुळवून घेणारा माणूस, त्या एकाशी बोलायचा थांबला तो थांबलाच.

तेव्हा आम्ही अकोल्याला राहत होतो. बाबा एका सरकारी खात्यात कारकून. समोरच्या घरी राहणारे काका शेतीच्या खात्यात, मूळचे चांदूर बाजारकडचे, वावर-गोठा असलेल्या घरचे. आम्ही बौद्ध, ते पाटील घराण्यातले. कॉलनीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्याचा उच्चार करत नव्हतं. बाबा आणि काका सकाळी बरोबर फिरायला जात, बरोबर भाजी आणत, आणि भावावरून बरोबरच भाजीवालीशी भांडत.

त्यांची खरी मैत्री जमली ती लोडशेडिंगमुळं. आमची बाजू एका फीडरवर आणि रस्त्यापलीकडची दुसऱ्यावर. आमची लाइन गेली की त्यांची असायची, त्यांची गेली की आमची. त्यामुळं संध्याकाळी अर्धी कॉलनी रस्ता ओलांडून उरलेल्या अर्ध्या कॉलनीत बसलेली असे. कधी मालिकेच्या मधेच बाजू पलटे. मग चहाचे कप हातात घेऊन, चपला न घालता सगळे पळत समोरच्या घरी! बाबा दारात दिसले की काका विचारत, "लाइन गेली काय गा तुमच्याकडे?" समोर आमची अख्खी ओळ काळीकुट्ट दिसत असे, तरी विचारत. आणि बाबा म्हणत, "नाही गा, तुह्या घरचा चहा प्यायले आलो." रोज तेच. आई म्हणायची, यायले दुसरं काही सुचत नाही काय बाप्पा?

मालिकेत एक म्हातारा होता, पांढरी काठीवाला. बाई जिथं जिथं पुरावा शोधायला जाई, तिथं हा आधीच उभा. शांतपणे म्हणे, "यहाँ कुछ नहीं है। घर जाइए।" तो दिसला की बाबा पुढं सरकून बसत. "पाह्य, पाह्य, आता म्हनते का नाही, काही नाही म्हणून!" काका हसत. बाबांना हसू येत नसे. ते वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांच्या आजोबांना गावातल्या मोठ्या लोकांनी ते ऐकवलं होतं, वडिलांनाही ऐकवलं होतं. बाबांना बढतीच्या वेळी साहेबांनी ऐकवलं, की तुमचं काही आलेलं नाही, जा तुम्ही. आणि बाबांचं नाव आलेलं होतं, साहेबांनी दाबून ठेवलं होतं. तेव्हा "काही नाही" म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, हे बाबांना कुठल्या मालिकेनं शिकवायची गरज नव्हती.

मग मालिका त्या मिठाच्या खाणीपर्यंत आली. खाणीच्या पोटात एक लोखंडी दरवाजा. त्यामागं नवरा आहे, नाहीतर तबकडी आहे, नाहीतर त्या म्हाताऱ्याचं सगळं पाप आहे. जाहिराती सुरू झाल्या, येत्या शनिवारी राज़ खुलेगा. आठवडाभर बाबा आणि काका पैजा मारत होते. काकांचं म्हणणं नवरा मेलेला निघेल. बाबांचं म्हणणं, नवराच त्या लोकांना मिळालेला निघेल.

त्या शनिवारी आमची लाइन गेली. बाबा पुढं, मी मागं, माझ्या हातात कच्च्या चिवड्याचं पातेलं. मी तेव्हा बीएस्सीला होते, म्हणजे पातेलं घेऊन पळायचं वय गेलं होतं, तरी पळत होते. काका दारात आले. त्यांनी लाइनीचं विचारलं नाही. त्यांच्या मागं बैठकीत पांढऱ्या टोप्या दिसत होत्या. काकूंच्या माहेरची वडीलधारी माणसं गावाहून आली होती. काकांनी अर्धं दार धरून ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आज नको गा भाऊ. पाव्हणे हायेत."

आत टीव्ही चालू होता. आमच्या मालिकेचं संगीत ऐकू येत होतं.

बाबा "बरं" म्हणाले आणि वळले. घरी आईनं विचारलं, काहून परत आले? आम्ही अंधारात बसून चिवडा खाल्ला. मला रडू येत होतं आणि ते मालिकेसाठी नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

तोच भाग रविवारी दुपारी पुन्हा दाखवत, पण त्या दुपारी सगळ्याच गावाची लाइन गेली. आणि पुढच्या शनिवारी आमच्या घरी टीव्ही लावला तर बाई केस कापून चोरामागं पळतेय! नवरा नाही, खाण नाही, म्हातारा नाही. दरवाजा तर नाहीच नाही. आमच्या घरी सगळ्यांचा एकच निष्कर्ष निघाला. सगळी उकल त्या एका भागात होऊन गेली, आणि नेमका तोच भाग आपला हुकला. आमच्या वऱ्हाडात लोडशेडिंगनं इतक्या गोष्टी गिळल्या होत्या, की मालिका लिहिणाऱ्यानंच ती अर्ध्यात सोडली असेल, हे कोणाच्या डोक्यात येणार? जे दिसलं नाही ते अंधारात होऊन गेलं, असंच आम्ही धरून चालत असू.

बाबांनी अभिमान गिळून काकांना विचारलं. सकाळी, कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानापाशी. मी बरोबर होते. पाहुण्यांचा विषय त्यांनी काढलाच नाही. एवढंच म्हणाले, "काय निंगालं गा त्या दरवाज्याच्या मांगं?"

काका म्हणाले, "काहीच नाही. दरवाजा उघडला, उजेड पडला, संपलं."

"नवरा?"

"नाही दाखोला."

"मंग ते बाई आता चोर काहून पकडून राहिली? काहीतरी झालंच असन ना!"

"मले काय माहीत भाऊ? काही नव्हतं म्हणतो ना त्याच्यात. जाऊ दे, घरी चाल."

काही नव्हतं. घरी चाल. शब्दाला शब्द त्या काठीवाल्या म्हाताऱ्याचा! बाबांचा चेहरा मी पाहिला. ते म्हणाले, "नसन सांगाचं तं नको सांगू. घरात नसन घ्याचं तं नको घेऊ. पन काही नव्हतं असं मले म्हनू नको." आणि चालायला लागले. काका मागून "अरे, ऐक तं!" म्हणत राहिले. बाबांनी वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून अबोला. मधे दहा ढांगांचा रस्ता. पुढं आमच्या भागातलं लोडशेडिंग संपलं आणि रस्ता ओलांडायचं कारणही संपलं. काकांच्या मुलीचं लग्न झालं, पत्रिका आली, बाबा गेले नाहीत. आई वारली तेव्हा काका स्मशानभूमीत आले, लांब झाडाखाली उभे राहिले. बाबांनी पाहिलं आणि मान वळवली. मी नंतर चिडून म्हटलं, "बाबा, एका फालतू मालिकेपायी?" तर म्हणाले, "मालिकेपायी नाही. त्यानं मले खोटं सांगतलं." मला माहीत होतं की काकांचं ते अर्धं उघडं दार त्यांच्या मनात होतं. पण ते बोलायचं नव्हतं म्हणून खोटं बोलल्याचं निमित्त धरून ठेवलं होतं. आईनंतर मी त्यांना अमरावतीला माझ्याकडं आणलं. मी इथं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते.

या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. "यायले आता काही याद नाही राहत वो बाई. मले कधी ओळखते, कधी नाही ओळखत. डॉक्टर म्हनते, असंच वाढत जाईन. तुह्या बाबाले म्हन, भेटाचं असन तं आताच या." मी बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते, तो त्यांनी तोंडासमोर ओढला. "मी नाही येत." मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. "तो खरं सांगन तवा येईन!" अहो, ज्याची आठवणच चाललीय तो खरं कुठून सांगणार? माझं डोकं फिरलं. पुढच्या महिन्यात गेलो असतो तर कोणाला भेटणार होतो?

मग मी ती मालिका शोधली. आता मोबाइलवर काय सापडत नाही? सगळीच्या सगळी पडलेली होती. तो भाग मी आधी एकटीनं स्वयंपाकघरात, कानात वायरी घालून पाहिला. बाई खाणीत उतरते. दरवाजा उघडते. पांढरा उजेड. तिचे डोळे मोठे होतात. संपलं. मी पुढचा भाग लावला. कापलेले केस, चोर. मी मागं गेले, पुढं गेले, शेवटच्या भागापर्यंत गेले. नवऱ्याचं नाव नाही! त्यावर लोकांनी जे लिहून ठेवलं होतं तेही वाचलं. लिहिणारे मधेच बदलले होते, पाहणारे कमी झाले होते, वरून सांगणं आलं होतं की हे हिरव्या उजेडाचं आता पुरे. आणि दरवाज्यामागं काय ठेवायचं, हे कोणी ठरवलंच नव्हतं म्हणे. माझी पोळी तव्यावर जळेपर्यंत मी तिथं उभी होते. काका खरं बोलले होते. अक्षर न् अक्षर खरं.

संध्याकाळी मी बाबांना टीव्हीसमोर बसवलं आणि तो भाग लावून दिला. दरवाजा उघडला, उजेड पडला, संपलं. बाबा म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. मग पुढचे भाग एकामागं एक पाहिले. बाई चोर पकडत राहिली.

"म्हंजे एवढं सारं लपवून राहिले होते," बाबा शेवटी म्हणाले, "आन् लपवणाऱ्यालेच माहीत नव्हतं का काय लपवून राहिलो?"

"हो."

"त्यानं खरं सांगतलं होतं."

"हो बाबा."

ते जेवले नाहीत. मी पोळी कुस्करून दुधात दिली, तीही तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर इस्त्रीचा शर्ट घालून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून दाराशी उभे. "चाल अकोल्याले." बाहेर आग बरसत होती. मी म्हटलं, ऊन उतरू द्या. म्हणाले, "लय उतरलं आता."

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. बाबा खिडकीकडं तोंड करून पुटपुटत होते. शाळेतलं पोर कविता घोकतं तसं. "भाऊ, मी तुले खोटारडा समजलो. माहं चुकलं." पुन्हा पहिल्यापासून. मला राग येत होता. मी विचारलं, "आणि दारातून परत पाठवलं त्याचं काय? ते नाही विचारणार?"

"ते त्याचं त्यानं सांगावं," बाबा म्हणाले. "माहं मी सांगतो."

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आमच्या घराच्या जागी आता खाली दुकान असलेली इमारत आहे. रिक्षावाला काकांच्या दारात थांबवत होता, पण बाबांनी त्याला आमच्या बाजूलाच थांबवलं. त्या इमारतीपुढं क्षणभर उभे राहिले आणि मग रस्ता ओलांडला. मी मागं. माझे हात रिकामे होते, आणि मला उगीच ते पातेलं आठवलं.

काका दारातच उभे होते, चौकट धरून. वाळून गेले होते. त्यांनी बाबांकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "लाइन गेली काय गा तुमच्याकडे?"

बाबा जागीच थांबले. "नाही गा. तुह्या घरचा चहा प्यायले आलो."

काका हसले. किती छान हसले! आणि हसता हसताच त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. त्यांनी मागं वळून घरात पाहिलं. चेहरा पडला. दार अर्धं ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आज नको गा भाऊ. पाव्हणे हायेत."

आत कोणी नव्हतं. कुलर होता आणि रिकाम्या खुर्च्या. माझं रक्त असं उसळलं की काय सांगू! त्याच दारात, त्याच शब्दांत, पुन्हा? मी तोंड उघडणार तेवढ्यात काकू आतून धावत आल्या आणि माझा दंड धरला. बाबांनी घोकलेलं सगळं त्यांच्या ओठांवर होतं, मला दिसत होतं. पण ते कोणाला सांगणार? ते खाली ओट्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "बरं. जाऊ दे पाव्हणे. मी बसतो अथीच."

काकूंनी मला मागच्या दारानं आत घेतलं. पाणी दिलं. आणि मी न विचारता बोलायला लागल्या. "रोज संध्याकाळी असंच करतेत. दारात उभं राह्यतेत, पाव्हणे हायेत म्हनतेत, आन् मंग रडतेत. बाकी सारं इसरले, हे नाही इसरले. त्या दिवशी माह्या माहेरचे मोठे लोक होते वो. पोरीच्या सोयरिकीचं चालू होतं. तुमाले बैठकीत बसवलं तं ते काय म्हनतीन, याचं भेव वाटलं यायले. मलेबी वाटलं. खोटं कायले सांगू?"

म्हणजे बाबांचा संशय चुकीच्या जागी होता, पण चुकीचा नव्हता. मालिकेत काही लपलेलं नव्हतं, या बैठकीत होतं. मी काकूंना तेव्हा माफ केलं नाही आणि अजून केलेलं नाही. पण त्या पुढं बोलत राहिल्या, आणि ते मला आजही पेलत नाही.

"यायनं ते मालिका शेवटपर्यंत पाह्यली. दर शनिवारी. मी म्हनत जाओ, चोर पकडते ते बाई, काय पाह्यता? तं म्हनत, कधीतरी सांगतीन ना त्या नवऱ्याचं. ज्या दिवशी सांगतीन त्या दिवशी मी जातो समोर. तेवढं तं सांगाले जाता येईन. मंग बाकीचंबी बोलता येईन." काकूंनी पदरानं नाक पुसलं. "नाहीच सांगतलं त्यायनं. बंद पडली ते मालिका. उठून टीव्ही बंद केला आन् दारात जाऊन उभे राह्यले. तुमच्या घराकडे पाह्यत."

मी पेला तसाच ठेवून बाहेर आले. दार सताड उघडं होतं. काका बाहेर आले होते. एका हातानं भिंत धरत, कण्हत ते पायरीवर बाबांच्या शेजारी टेकले. दोघं समोर आमच्या जुन्या घराच्या जागेकडं पाहत होते. दुकानाचे दिवे लागले होते.

काकांनी विचारलं, "काय निंगालं गा आज, दरवाज्याच्या मांगं?"

बाबा म्हणाले, "काहीच नाही, भाऊ. दरवाजा उघडला, उजेड पडला, संपलं."

"असं काय?" काका म्हणाले. मान डोलावली. "बरं."

बस, एवढंच. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. बाबांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, तोंडावर धरला आणि ओट्यावर बसून मोठ्यानं रडायला लागले. काका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत विचारत होते, "काहून रडून राहिला गा? काहून रडून राहिला?"